माजी सैनिकाचा डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा तपासायचा कसा

दावा नामंजूर झाल्याचं पत्र बहुधा एका पानाचं असतं. त्यात लष्कराच्या वैद्यकीय बोर्डाचं म्हणणं एकाच वाक्यात असतं: सदर अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. ते पत्र घडी घालून खिशात ठेवलेला माणूस ओळखीच्या कुणाकडे तरी जातो आणि विचारतो, "बोर्डानं नाही म्हटलं, आता काय होते?"

हा लेख त्या ओळखीच्या माणसासाठी आहे. आपल्या वऱ्हाडात, वर्धा-यवतमाळकडे, पार गोंदियापर्यंत गावोगावी असा कुणी ना कुणी असतो. कुठे निवृत्त सुभेदार, कुठे शाळेतले गुरुजी, कुठे फौजीचीच शिकलेली मुलगी. वकिलाकडे किंवा सैनिक कल्याण कार्यालयात जाण्याआधी दावा नीट तपासला, तर निम्मं काम तिथेच होतं. उलट न तपासता अपील टाकलं तर चांगला दावाही कमजोर होतो, कारण पहिल्या अपिलात जे लिहिलं जातं त्याचीच सावली पुढे ट्रिब्युनलपर्यंत, म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत, पडते.

समोरचा माणूस बर्फातल्या पोस्टिंगची, गोळीबाराची, रात्रीच्या गस्तीची हकीगत सांगेल. ती मनापासून ऐका, पण निर्णय कागदावर होतो. म्हणून सगळ्या तपासणीत एकच प्रश्न धरून ठेवायचा: बोर्डाने "नाही" म्हटलं, पण का नाही म्हटलं, हे लिहिलं आहे का?

आधी चार गोष्टी विचारा

घरी कधी आले, कसे आले, नोकरी किती झाली आणि बोर्डाने अपंगत्व किती टक्के दिलं.

तारीख महत्त्वाची, कारण नियम बदललेले आहेत. जुन्या लोकांना १९८२ चे पात्रता नियम लागतात, नंतरच्यांना २००८ चे आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. २०२३ चे नियम रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांबाबत जास्त कडक आहेत. ते त्या तारखेनंतर बाहेर पडलेल्यांसाठी आहेत. २०१० साली घरी आलेल्याच्या पत्रात कुणी नव्या नियमांचा आधार घेतला असेल, तर तो अपिलातला पहिला मुद्दा होतो.

कसे आले, याचा अर्थ सेवेची मुदत संपून आले, स्वतःहून अर्ज करून आले, की मेडिकलवर मध्येच घरी पाठवले. या पेन्शनचे दोन भाग असतात, सेवेचा आणि अपंगत्वाचा. मुदत संपवून आलेल्याला अपंगत्वाचा भाग मिळत नाही, असा समज गावात अजून आहे. तो चुकीचा आहे. मुदत संपवून आलेल्यालाही तो मिळतो, फक्त अपंगत्व सेवेशी जोडलेलं आणि २० टक्के किंवा जास्त असावं लागतं. स्वतःहून निघालेल्यांनाही १ जानेवारी २००६ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असतील तर तो लागू आहे.

मेडिकलवर मध्येच पाठवलेल्या माणसाचं प्रकरण सर्वांत काळजीने पाहा. जवानाला साधी सेवा पेन्शन १५ वर्षांनी लागते. पण मेडिकलवर घरी पाठवलं आणि अपंगत्व सेवेशी जोडलेलं मान्य झालं, तर सेवेच्या भागासाठी किमान वर्षांची अट राहत नाही. सात वर्षं नोकरी झालेल्या माणसालाही सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग असे दोन्ही मिळतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या सुखविंदर सिंग प्रकरणात म्हटलं आहे की ज्याला अपंगत्वामुळे सेवेतून काढलं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा जास्त आहे असंच धरायचं. सेवेत ठेवण्याइतका धडधाकट नाही म्हणून काढायचं आणि पेन्शनच्या वेळी अपंगत्व किरकोळ म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र चालत नाहीत.

पेटीतले कागद आणि नसलेले कागद

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), नामंजुरीचं पत्र आणि हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपा एवढं बहुतेकांच्या काळ्या पेटीत सापडतं. पावसाळ्यात ओल धरलेले किंवा वाळवी लागलेले कागद असतील तर आधी त्यांचे फोटो काढून ठेवा, मग हाताळा.

खरे हवे असलेले कागद मात्र घरात नसतात. एक, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी. दोन, रिलीज मेडिकल बोर्डाचे (सेवेतून निघतानाच्या तपासणीचे) किंवा मेडिकलवर काढताना बसलेल्या बोर्डाचे संपूर्ण कागद, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म. तीन, दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचा निष्कर्ष. चार, पोस्टिंगचा तपशील.

हे सगळं त्या माणसाच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवायचं. गार्ड्सवाल्यांचं कामठीलाच आहे, महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला. साधा अर्ज करून मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर माहिती अधिकारात मागा. केंद्र सरकारसाठी १० रुपये शुल्क आहे, पोस्टल ऑर्डरने भरता येतं आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात "माझे सर्व कागद द्या" असं मोघम लिहू नका. कुठल्या बोर्डाचे, कुठल्या साली, कुठल्या हॉस्पिटलातले, असं नेमकं लिहा आणि सर्व पानं, शेऱ्यांसह, असं मागा. नुसतं पहिलं पान येऊन हातात पडलं, तर ते काहीच कामाचं नसतं.

एका बाबतीत उशीर करू नका. ज्याला पेन्शन नाही, त्याचे सेवेचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट केले जातात. २००८ च्या नियमांत असंही आहे की सेवेतून गेल्यावर १५ वर्षांनंतर दावा केला आणि तोवर कागद नष्ट झालेले असले, तर सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर येते. म्हणून पेन्शनविना घरी आलेला माणूस भेटला की बाकी काही ठरण्याआधी कागदांचा अर्ज त्याच आठवड्यात स्पीड पोस्टने टाकून द्यावा.

बोर्डाचा कागद कसा वाचायचा

सगळा वेळ इथे द्या. या फॉर्ममध्ये जवानाचं स्वतःचं निवेदन असतं, पोस्टिंग आणि आजाराच्या तारखा असतात, कमांडिंग ऑफिसरचा अभिप्राय असतो, तज्ज्ञ डॉक्टरचं मत असतं आणि शेवटी बोर्डाचा निर्णय असतो.

आधी भरतीची तपासणी काढा. त्यात या आजाराची नोंद आहे का? नसेल, तर माणूस भरती होताना निरोगी होता असं गृहीत धरलं जातं. २०१३ चा धरमवीर सिंग निकाल याच पायावर उभा आहे. सिग्नल्सचा तो जवान फिट्स येतात म्हणून घरी पाठवला गेला होता. आजार घरचाच, सेवेशी संबंध नाही, असं सांगून पेन्शन नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार सेवेत उद्भवला असं मानायचं. संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. भरतीच्या वेळी हा आजार ओळखताच येत नव्हता असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं लिहावी लागतात.

आता निर्णयाच्या रकान्यावर या. सेवेमुळे उद्भवला का: नाही. सेवेमुळे वाढला का: नाही. त्यापुढे कारणाची जागा असते. तिथे काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घ्या. "शरीरप्रकृतीचा आजार", "जीवनशैलीचा आजार", "पीस स्टेशनमध्ये सुरुवात" (म्हणजे शांत भागातल्या छावणीत), एवढंच असेल तर ते लेबल झालं, कारण झालं नाही. अमुक माणसाला, अमुक पोस्टिंगनंतर झालेला हा आजार सेवेच्या ताणाने का झाला नाही, हे सांगितलं असेल तर ते कारण. २०२५ च्या राजूमोन निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं आहे की बोर्डाचं मत कारणांसह असलं पाहिजे.

दुसरी बाजूही ठाऊक असू द्या. २०१९ च्या नरसिंह यादव प्रकरणात मानसिक आजाराच्या बाबतीत निकाल जवानाच्या विरोधात गेला. असे आजार भरतीच्या साध्या तपासणीत दिसतच नाहीत, म्हणून नोंद नसणं एवढ्यावर दावा आपोआप मान्य होत नाही, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा धरमवीर सिंगचं नाव लिहिलं की काम झालं, अशा भ्रमात राहू नका. बोर्डाचं कारण शोधा, ते पोकळ का आहे ते दाखवा.

जवानाच्या निवेदनात घरच्या आजारांचा प्रश्न असतो. "वडिलांना बीपी आहे" असं सरळ उत्तर दिलेलं असेल, तर पुढे त्याचाच आधार घेऊन आजार आनुवंशिक ठरवलेला दिसतो. वडिलांना तो कितव्या वर्षी झाला, ते विचारा. सत्तरीतल्या शेतकरी बापाला झालेला रक्तदाब आणि चौतिसाव्या वर्षी मुलाला झालेला रक्तदाब एकाच रांगेत बसवायचे, तर बोर्डाने त्याचं स्पष्टीकरण द्यायला हवं.

वहीतले दोन रकाने

एका पानावर उभी रेघ मारा. डाव्या बाजूला पोस्टिंग लिहा: कधीपासून कधीपर्यंत, कुठे, फील्ड (मोहिमेचा, धोक्याचा भाग) की पीस, उंचीवर की सीमेवर. उजव्या बाजूला आजाराची प्रत्येक तारीख: पहिली तक्रार, पहिली भरती, शेप-१ (पूर्ण तंदुरुस्त) मधून वैद्यकीय कॅटेगरी कधी उतरली, नंतरच्या प्रत्येक बोर्डात ती वाढली की कमी झाली.

समजा, वाशीमकडचा एक जवान १७ वर्षं नोकरी करून आला. रक्तदाबाचे ३० टक्के. बोर्ड म्हणतं, सुरुवात पीस स्टेशनला झाली, म्हणून संबंध नाही. रकाने भरल्यावर दिसतं की त्या पीस स्टेशनला येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते आणि आधीची सलग तीन वर्षं तो काश्मीरमध्ये फील्डवर होता. रक्तदाब आज सुरू होऊन आजच दिसत नाही. तपासणी जिथे झाली, तिथे तो सापडतो. चांगल्या दावेदाराचा मुद्दा असा तारखांतून उभा राहतो, त्याला विशेषणं लागत नाहीत.

"उद्भवला नाही" हे मान्य करावं लागलं तरी "वाढला" हा दरवाजा उघडाच असतो. पेन्शनसाठी दोन्हींचं वजन सारखंच. पीसमध्ये लो मेडिकल झालेल्या, म्हणजे कॅटेगरी खाली उतरलेल्या, माणसाला पुन्हा फील्डवर पाठवलं आणि पुढच्या बोर्डात टक्के वाढले, तर ते पान बाजूला काढून ठेवा. अनेक अपिलांत हा मुद्दा मांडलेलाच नसतो, कारण सगळे पहिल्या शब्दावर भांडत बसतात.

हृदयविकार असेल तर आजार येण्याआधीच्या १४ दिवसांत माणूस काय काम करत होता, याची नोंद डॉक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार पाहिली जाते. ती युनिटने भरलेली असते. ती मागवा आणि जवानाला वाचून दाखवा. रात्रीच्या ड्युट्या, व्यायामाची चाचणी, लांबची हालचाल त्यात उतरली आहे का, ते त्यालाच कळेल.

आजार दोन असतील तर प्रत्येकाचे टक्के आणि प्रत्येकाचा संबंध वेगळा लिहिलेला असतो. एकत्रित टक्के म्हणजे साधी बेरीज नसते. एक मान्य, एक अमान्य असं असेल तर मान्य आजाराचे टक्के किती, एवढंच पाहायचं.

दुखापतीचे दावे

हे तुलनेने सोपे. ड्युटीवर होता का आणि दुखापतीचा ड्युटीशी काय संबंध, हे दोनच प्रश्न. इंज्युरी रिपोर्टवर कमांडिंग ऑफिसरने "ड्युटीवर" लिहिलं असेल आणि बोर्डाने तरी नाकारलं असेल, तर दावा भक्कम आहे.

अवघड प्रकरणं सुट्टीतली. गावी सुट्टीवर आल्यावर मोटारसायकलवरून पडलेले जवान आपल्या भागात कमी नाहीत. सुट्टी ही सेवेत धरली जात असली तरी तेवढ्याने भागत नाही. २०१५ च्या विजयकुमार प्रकरणात सुट्टीवर असताना बहिणीच्या घरी जिन्यावरून पडलेल्या नायकाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही, कारण दुखापत आणि सेवा यांच्यात काहीच धागा नव्हता. मात्र सरकारी खर्चाने प्रवासाचा हक्क असताना युनिटहून घरी येताना किंवा सुट्टी संपवून परत निघताना अपघात झाला, तर ती गोष्ट निराळी. प्रवासाचं सरकारी वॉरंट, तिकीट, सुट्टीचं प्रमाणपत्र, पोलिसांचा पंचनामा यांच्या तारखा जुळवून पाहा. लग्नाच्या वरातीतला अपघात "परतीच्या वाटेवर" म्हणून दाखवायचा मोह कुणी घालेल. तसं मुळीच करू नका. खोटी तारीख एकदा पकडली गेली की त्या माणसाचा खरा आजारही कुणी ऐकून घेत नाही.

कधी नाही म्हणायचं

मुदत संपवून आलेला आणि टक्के २० पेक्षा कमी: २०१९ च्या एस. पी. राठोड निकालानंतर अपंगत्वाचा भाग मिळत नाही. टक्के वर ओढून पूर्णांक करण्याची सवलतही (ती शेवटी सांगितली आहे) २० च्या खाली लागू होत नाही. भरतीच्या वेळी आजार लपवल्याचा कागद असेल किंवा दारूमुळे झाल्याचं नोंदींनिशी लिहिलेलं असेल, तर माणसाला समोर बसवून स्पष्ट सांगा. "टाकून तर पाहू" म्हणत त्याला कर्जात उतरवणं हे त्याच्या बायकापोरांवर अन्याय करणं आहे. मिळणाऱ्या थकबाकीत टक्केवारी मागणारे मध्यस्थ याच आशेवर जगतात, त्यांच्यापासून त्याला सावध करा.

पण नाही म्हणण्याआधी एक गोष्ट तपासाच. ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्या आणि १० वर्षांच्या आत मेडिकलवर घरी आलेल्या माणसाचं अपंगत्व सेवेशी जोडलेलं नसलं, तरी त्याला इनव्हॅलिड पेन्शन मिळू शकते. जुलै २०२० च्या आदेशाने ही सोय झाली आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे.

अपील लिहिताना

नामंजुरीचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. दोन्ही रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातात. हिंदीत लिहिलं तरी चालतं. दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. गाभा असा असावा:

"भरतीच्या तपासणीत या आजाराची नोंद नाही. अमुक तारखेपर्यंत मी शेप-१ होतो. अमुक ते अमुक या काळात मी फील्डवर होतो. त्यानंतर चार महिन्यांनी आजाराचं निदान झालं. बोर्डाने सेवेशी संबंध नाकारताना कारण म्हणून फक्त इतकेच शब्द लिहिले आहेत. माझ्या पोस्टिंगचा विचार त्यात नाही. म्हणून आजार सेवेमुळे उद्भवला, निदान सेवेमुळे वाढला, असं मानावं."

बोर्डाचे शब्द जसेच्या तसे उतरवा, सोबत पानं जोडा, प्रत्येक पानावर क्रमांक घाला. डॉक्टरांवर आरोप करू नका. मुदत उलटून गेली असेल तर विलंबाचं खरं कारण वेगळ्या परिच्छेदात लिहा: कागद कधी मागवले, कधी मिळाले. स्पीड पोस्टची पावती पीपीओसोबत जपून ठेवा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक प्रत द्या. २०२५ पासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदतीची सोय केली आहे, तिची चौकशीही तिथेच करा.

ट्रिब्युनल

महाराष्ट्राची प्रकरणं सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जातात. आधी खात्याकडचे मार्ग वापरून झाले पाहिजेत, ही कायद्याची अट आहे. पण अर्ज करून सहा महिने उत्तरच आलं नाही, तर थांबून राहायचं कारण नाही. शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, योग्य कारण असेल तर विलंब माफ होऊ शकतो.

आता फार वर्षं झाली, असं म्हणून गप्प बसलेले म्हातारे फौजी प्रत्येक तालुक्यात आहेत. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून हा चालू राहणारा अन्याय मानला जातो आणि दावा मरत नाही. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे उशिराच्या दाव्यात थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती देण्याचा रिवाज पडला. त्यामुळे थांबलेला प्रत्येक महिना पदरचा जातो. जवान वारला असेल तरी त्याच्या हयातीतल्या थकबाकीचा प्रश्न बायको किंवा वारस लावून धरू शकतात.

मुंबईला जाताना विदर्भ एक्सप्रेसमध्ये मूळ कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपण्यापेक्षा मूळ कागद घरीच ठेवा आणि प्रतींचे संच न्या. मूळ मागितले तरच न्यायचे.

रक्कम आणि आदेशानंतरची तपासणी

१०० टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के असतो, खाली त्या प्रमाणात. जवानाच्या हिशेबी पगारात मूळ वेतनासोबत ५,२०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे धरला जातो. समजा मूळ वेतन ४०,००० होतं, तर हिशेबी पगार ४५,२०० आणि १०० टक्क्यांचा भाग १३,५६० रुपये. ३० टक्के अपंगत्वाला सरळ हिशेबाने ४,०६८ येतात.

पण ५० टक्क्यांच्या खालचं अपंगत्व ५० धरलं जातं, ५० ते ७५ मधलं ७५ आणि ७६ च्या पुढचं १००. तसं धरलं की तेच ४,०६८ रुपये ६,७८० होतात, वर महागाई भत्ता वेगळा. आधी ही सवलत फक्त मेडिकलवर काढलेल्यांना देत असत. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने मुदत संपवून आलेल्यांनाही ती मिळाली. म्हणून ज्यांना आधीपासून डिसॅबिलिटी पेन्शन सुरू आहे, त्यांचाही पीपीओ एकदा उघडून पाहा. तिथे अजून २० किंवा ३० टक्केच लिहिलेले असतील, तर आधी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून पूर्णांक करण्याची मागणी करा.

दावा मंजूर झाल्यावर सुधारित पीपीओ प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत येतो. सेतू केंद्रावर किंवा घरच्या मोबाइलवर तो काढून चार रकाने तपासा: टक्के पूर्णांक झाले का, कोणत्या तारखेपासून, कायमस्वरूपी की ठरावीक मुदतीपुरतं आणि हिशेबी पगार बरोबर धरला का. बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव आणि पार्ट टू ऑर्डरमधलं (लष्करातल्या कौटुंबिक नोंदीतलं) नाव अशी तीन नावं निघतात. ती दुरुस्ती जवान हयात असताना त्याच्या एका अर्जाने सुरू करता येते, त्याच्या मागे तिला त्यासाठी फार फिरावं लागतं.